वीस अधिक एक

मेंढीपालनाच्या कर्जप्रकरणात एक आकडा ठरलेला असे : वीस अधिक एक. म्हणजे वीस मेंढ्या आणि एक मेंढा. लाभार्थी फारच लहान असला तर दहा अधिक एक. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला आणि १९९९ मध्ये तो स्वर्णजयंती योजनेत विलीन झाला. मधल्या काळात दुष्काळी तालुक्यांतल्या बँकशाखांनी असली प्रकरणे गठ्ठ्याने हातावेगळी केली. मी त्यातलाच एक अधिकारी. अल्पभूधारकाला पंचवीस टक्के अनुदान, अत्यल्पभूधारकाला आणि शेतमजुराला तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश, अनुसूचित जाती-जमातींना पन्नास. जनावराच्या कानात विमा कंपनीचा बिल्ला, आणि जनावर मेलेच तर दाव्याच्या कागदांबरोबर बिल्ल्यासकट कान. कान आला नाही की दावा परत. त्या काळी शाखेच्या कपाटातून काय काय निघे, ते रविवारच्या चहाबरोबर सांगण्याजोगे नाही.

खरेदीच्या दिवशी बाजारात वीस मेंढ्या नीट पाहिल्या जात. दात मोजत, कास चाचपत, लंगडी एखादी असली तर बाजूला काढत. पशुवैद्यकीय अधिकारी, बँकेचा माणूस, पंचायत समितीचा माणूस, सगळे वाकून वाकून बघत. मग शेवटी कुणीतरी म्हणे, ‘आणि एक मेंढा घ्या.’ तो दिसायला धिप्पाड असला की झाले. अर्जात त्याच्यासाठी किंमत आणि रंग एवढेच रकाने. पुढे २०१७ मध्ये राज्य सरकारने राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आणली, तिच्यातही हिशेब तोच : वीस मेंढ्या, एक नर. आकडा चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. एका निरोगी मेंढ्याला वीस काय, तीस-पस्तीस मेंढ्याही जड नाहीत. माझे कुतूहल आहे ते त्या ‘अधिक एक’बद्दल. कारण वर्षभरात त्या वीस जणींना जी कोकरे होतील, त्या प्रत्येकाच्या अंगातला निम्मा ऐवज या एकाचा असणार. कर्जाच्या भाषेत बोलायचे तर, निम्मे तारण आपण न बघता मंजूर करत होतो.

आता कुणी म्हणेल की मेंढ्याकडे लोक बघत नाहीत असे कसे? डिसेंबर २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आली आणि मालकाने दीड कोटी सांगून तो परत नेला, ही बातमी सगळ्या वर्तमानपत्रांत आली होती. खरे आहे. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी ही जात आहेच देखणी. उंच, लांब पायांची, पांढऱ्या अंगावर तांबूस ठिपके, आणि पोपटाच्या चोचीसारखे बाकदार नाक. त्या नाकाच्या बाकावर लाखांचे सौदे होतात. पण मी त्या सगळ्या बातम्या शोधून वाचल्या. नाक होते, उंची होती, खुराक काय होता तेही होते. पैदाशीचा नर ज्यासाठी घ्यायचा, त्या बाबतीत तो कसा आहे, त्याची मोजमापे काय, याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता. लाखांचा दागिना घेताना सोनार कसोटी तरी लावतो.

संकोच बाजूला ठेवून सांगायचे तर कसोटी अगदी सोपी आहे : साधी शिंप्याची टेप. मेंढ्याला उभे करायचे, वृषणे खाली घ्यायची आणि जिथे पिशवी सर्वांत रुंद असेल तिथला परिघ मोजायचा. एवढ्याने बरेच कळते. वृषणाच्या प्रत्येक ग्रॅममागे रोज साधारण दोन कोटी शुक्राणू तयार होतात; जितके वजन जास्त तितके उत्पादन जास्त. मेंढ्याच्या एका वेळच्या वीर्याचे मोजमाप जेमतेम एक मिलिलिटर, पण त्यात शुक्राणू तीनशे कोटींच्या आसपास. आकाराच्या मानाने एवढे मोठे वृषण फार थोड्या प्राण्यांत आढळते. परदेशांतल्या मोठ्या जातींत प्रौढ नराचा परिघ तीस सेंटिमीटरच्या खाली असला की तो पैदाशीतून काढतात. आपल्या दख्खनीसारख्या लहान चणीच्या जातीला तीच रेघ लावणे मात्र अन्यायाचे होईल. इथल्या कळपांत मोजून इथलीच रेघ ठरवायला हवी.

परिघाबरोबर हातालाही काम असते. दोन्ही बाजू सारख्या हव्यात, पिकलेल्या लिंबासारख्या टणक पण दाबल्यावर किंचित परत येणाऱ्या. एक लहान, एक मोठी, किंवा गाठी लागतात, किंवा मऊ लोळागोळा झाला असेल, तर तो मेंढा कितीही रुबाबदार असो, त्याला नमस्कार करावा.

हे अवयव निसर्गाने शरीराबाहेर का टांगले, याची गोष्टही मोठी गमतीची आहे. शुक्राणू तयार व्हायला शरीराच्या तापमानापेक्षा चार-पाच अंश गारवा लागतो. त्यासाठी पिशवीच्या वरच्या भागात रक्तवाहिन्यांचे एक जाळे असते. बाहेरून गार होऊन परत येणारे रक्त आत जाणाऱ्या गरम रक्ताला बिलगून वाहते आणि त्याची ऊब काढून घेते. वर पिशवीचे स्नायू उन्हात सैल पडतात आणि थंडीत आखडतात. मेंढ्याला ताप आला, किंवा उन्हाने ही व्यवस्था कोलमडली, तर नुकसान होते. पण लगेच दिसत नाही. एक शुक्राणू आरंभापासून तयार व्हायला साधारण एकोणपन्नास दिवस लागतात आणि पुढच्या नळीतून पिकून बाहेर यायला आणखी दहा-बारा. म्हणजे हिशेब दोन महिन्यांचा. एप्रिल-मेच्या उन्हात होरपळलेला मेंढा नापास होतो जून-जुलैत, आणि नेमक्या त्याच वेळी पहिल्या पावसाच्या हिरव्या चाऱ्यावर मेंढ्या माजावर आलेल्या असतात. मेंढीचा माज सतरा दिवसांनी परत येतो. फळली तर पाच महिन्यांनी, दिवाळीच्या सुमाराला वेत. न फळलेली मेंढी दर सतरा दिवसांनी पुन्हा माजावर येते, हे बघणारा बघतो. ज्याचे लक्ष नाही त्याला कळते ते थेट दिवाळीला, रिकाम्या वाड्यावर.

दख्खनी मेंढीच्या पोटाखाली आणि पायांवर लोकर जवळजवळ नसते. घोंगडीसाठी काळी जाड लोकर पाठीवर, आणि खाली मोकळे. माळरानाच्या धगीत शेकडो पिढ्या राहिल्यावर जी टिकली ती अशी. पुढे लोकर सुधारायची म्हणून सरकारी फार्मांवर मेरिनो आणि रॅम्बुले या विदेशी नरांशी तिचे संकर केले गेले. लोकर तलम झालीही असेल. पण रोज मैलोगणती चालणाऱ्या वाड्यांनी ते नर काही आपलेसे केले नाहीत. आज तर लोकरीला इतका भाव उतरला आहे की कातरणीची मजुरी निघत नाही. तलम लोकरीचा तो सगळा खटाटोप कशासाठी होता, हे विचारायलाही कुणी उरले नाही.

पण हे सगळे मेंढ्याच्या स्वतःच्या अंगचे झाले. त्यातले पुढच्या पिढीत किती उतरते? इथे अनुवंशशास्त्र येते, आणि मला बँकेतल्या भाषेतच ते समजते. एखाद्या गुणाच्या बाबतीत काही जनावरे कळपाच्या सरासरीपेक्षा दहा रुपयांनी सरस आहेत असे समजा. वृषणाच्या परिघासारखा गुण असेल तर त्यातले तीन-चार रुपये मुलांच्या खात्यात जमा होतात. बाकीचे सहा-सात त्या जनावरांच्या खुराकाचे, नशिबाचे, त्यांच्याबरोबरच संपणारे. त्यातही नुसता बाप निवडला आणि आई कशीही असली, तर जमा होणारे निम्म्यावर येतात. हे प्रमाण चांगले मानतात. उलट ‘शंभर मेंढ्यांपैकी किती फळल्या’ हा आपल्याला हवा असलेला अंतिम गुण घेतला तर दहातला एक रुपयाही धड पुढे जात नाही. चारा, पाऊस, आजार, मेंढक्याचे लक्ष, इतक्या गोष्टी त्यात मिसळलेल्या असतात की रक्ताचा वाटा दिसेनासा होतो. म्हणून शास्त्रज्ञ वळसा घालतात. थेट गुण हाती लागत नाही, तर त्याच्या शेजारचा, मोजायला सोपा आणि रक्तात उतरणारा गुण धरायचा. टेपचे महत्त्व ते हे.

यातली सर्वांत चमकदार कल्पना एडिंबरोच्या आर. बी. लँड यांची. १९७३ मध्ये त्यांनी असे मांडले, की वृषण वाढवणारी आणि बीजांडे पिकवणारी संप्रेरके नरात आणि मादीत एकच असतात. तेव्हा भावाच्या वृषणाच्या आकारावरून बहिणीच्या अंडाशयाचा अंदाज बांधता यावा. पुढच्या प्रयोगांत हे नाते काही कळपांत नीट जुळले, काहींत नाही. पण त्यातली दिशा मला फार आवडते. माण भागातले एक म्हातारे धनगर, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, मला एकदा म्हणाले होते, ‘सायेब, मेंढा बघू नगा. त्याची आय बघा, आन् भनी किती बघा.’ आबांना संप्रेरके ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ज्याची आई दर वेताला कोकरू जगवते त्याचाच नर ठेवायचा, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज होता आणि त्यांना तीन पिढ्यांच्या मेंढ्या तोंडपाठ होत्या. आमच्या खातेवहीत नव्हत्या इतक्या नोंदी त्या एका डोक्यात होत्या.

शिंगांचे प्रकरण असेच विलक्षण आहे. दख्खनच्या कळपांत शिंगांचेही एडके दिसतात आणि बोडकेही. शिंग असणे-नसणे प्रामुख्याने दहाव्या गुणसूत्रावरच्या एका जागेवर ठरते, आणि तिथल्या जनुकाचे दुसरे काम आहे ते गर्भातल्या नराची वृषणे पोटातून खाली उतरवणे! ऑस्ट्रेलियात मेरिनो मुद्दाम बोडके करायला घेतले तेव्हा न उतरलेल्या वृषणांचे नर त्यांच्यात जास्त निघू लागले, ही जुनी नोंद आहे. तिकडे स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा नावाची बेटे आहेत. तिथे सोए जातीच्या मेंढ्या मोकाट राहतात आणि १९८५ पासून त्यांच्यातल्या एकेकीचा जन्म-मृत्यू नोंदवला जातो. २०१३ मध्ये त्या नोंदींवरून प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की या जागी मोठ्या शिंगांची दोन्ही अक्षरे असलेले नर दर हंगामात जास्त कोकरांचे बाप होतात, पण लवकर मरतात. आखूड शिंगांची दोन्ही अक्षरे असलेले जगतात जास्त, बाप होतात कमी. आणि एकेक अक्षर असलेले मधले नर दोन्हीकडून फायद्यात राहतात. म्हणूनच कुणी निवड न करताही दोन्ही प्रकार त्या बेटांवर टिकून आहेत. बाजारात एकाच ठशाच्या मेंढ्याला लाखांचा भाव आला की हा मधला समतोल पहिल्यांदा ढासळतो. सत्तर लाख ऐकून जो तो माडग्याळ नर आणून दख्खनी मेंढ्यांवर सोडतो आहे, त्याचे मला भय वाटते ते यासाठी. उंची मिळेल. पण काळ्या, काटक, कमी चाऱ्यावर कोकणापर्यंत चालत जाऊन परत येणाऱ्या जनावरात आणखी काय काय एकमेकांत गुंतलेले होते, ते सुटल्यावरच कळेल.

नराच्या अंगातले काही ऐवज तर टेपनेही कळत नाहीत. याचे उत्तम उदाहरण आपल्या फलटणला आहे. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची बुटकी मेंढी असते. वजन दहा-पंधरा किलो, पण जुळी-तिळी देण्यात पटाईत. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून काही मेंढ्या जहाजाने सिडनीला गेल्या होत्या. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या ‘बूरूला’ या ठिकाणच्या मेरिनो कळपात अचानक जुळ्या-तिळ्यांचा सुकाळ दिसला, तेव्हा हेलन न्यूटन टर्नर या संशोधिकेने तो माग १९५० नंतरच्या काळात धरला. २००१ मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटन इथल्या तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी त्यामागचे जनुक शोधले : सहाव्या गुणसूत्रावर एका अक्षराचा फरक. पुढच्याच वर्षी तोच फरक गारोळमध्ये सापडला. कलकत्त्याचे जहाज ते काय घेऊन गेले होते, याचा उलगडा दोनशे वर्षांनी झाला.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात गारोळ मेंढ्या आणल्या, दख्खनीशी त्यांचा संकर केला आणि दर पिढीत रक्ततपासणी करून ते एक अक्षर मोठ्या चणीच्या मेंढीत आणले. तिला ‘नारी सुवर्णा’ म्हणतात. एक प्रत असलेल्या मेंढीला वेतामागे सरासरी दीडएक कोकरू होते, जिथे साध्या दख्खनीला बहुधा एकच. गंमत अशी, की हे अक्षर पुढे नेण्याचे मोठे काम करतो मेंढा, आणि त्याच्यावर त्याची कसलीही खूण नसते. जुळे देण्याचा गुण दिसणार तो त्याच्या मुलींत, दोन वर्षांनी. दोन्ही प्रती असलेला एक मेंढा तीन-चार हंगाम वापरला तर शंभरावर कोकरांना तो गुण वाटून देतो. आटपाडीच्या बाजारात त्याला कुणी वळूनही बघणार नाही. जुळे म्हणजे दुप्पट दूध आणि दुप्पट चारा, हा हिशेबही अर्थात घालावा लागतो. उन्हाळ्यात चारा नसलेल्या वाड्यावर तिळे जन्मले तर ते कौतुक नव्हे, संकट.

एका गोष्टीपाशी मी नेहमी अडखळतो. कळपात मेंढी फळली नाही की ती ‘भाकड’. दोन हंगाम वाट बघतात आणि खाटकाला देतात. नरावर संशय क्वचित जातो. चार मेंढे असलेल्या शंभराच्या कळपात सर्वांत दांडगा मेंढाच निर्बीज असला तर आणखी वाईट होते. तो स्वतः कामाचा नाही आणि धाकाने बाकीच्या तिघांना जवळ येऊ देत नाही. त्याच्या रुबाबाची किंमत पंधरा-वीस मेंढ्या जिवाने मोजतात. हे वाचून ज्यांना आपल्या ओळखीचे एखादे घर आठवले असेल, त्यांना मी काय सांगणार? माणसांत मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांच्या आसपास पुरुषाचा वाटा असतो, पूर्ण किंवा अंशतः. वीर्याची तपासणी स्वस्त, बिनदुखाची आणि एका दिवसाची असते. तरीही तपासण्यांची रांग सुरू होते सुनेपासून, आणि पुष्कळ घरांत तिथेच थांबते. माझ्या एका कादंबरीतली सासू सुनेला सात देवळे फिरवते आणि मुलाला एकदाही दवाखान्यात नेत नाही. ते वाचून आलेल्या पत्रांत कुणी अतिशयोक्ती म्हटले नाही. दोघींनी मात्र देवळांची संख्या कमी असल्याचे कळवले.

मेंढ्यांच्या बाबतीत आणखी एक उलटी निवड चालते, आणि ती गरिबीतून येते. तीन-चार महिन्यांचे जे नर कोकरू सर्वांत भरदार, त्याला व्यापारी सर्वांत आधी भाव देतो. दवाखाना, लग्न, सावकार, बँकेचा हप्ता, काहीतरी उभे असतेच. ते विकले जाते. उरतात ती मागे पडलेली, आणि त्यांतलेच एखादे पुढे कळपाचा मेंढा होते. म्हणजे दर वर्षी उत्तम ते कापायचे आणि मध्यम ते पेरायचे. शिवाय तो घरचाच असल्याने बहिणी, आत्या, पुढे स्वतःच्या मुली, सगळ्या त्याच्याच कळपात. जवळच्या रक्ताच्या संकराने जे गुण आधी खालावतात त्यांत प्रजननाचा नंबर वरचा असतो. जुन्या वाड्यांमध्ये मेंढ्यांची अदलाबदल चालायची ती काही उगाच नव्हे.

महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेत सत्तावीस लाखांच्या आसपास मेंढ्या होत्या. त्यांच्यासाठी अनुदान आहे, महामंडळ आहे, योजना आहेत. माझी मागणी फार लहान आहे. ‘अधिक एक’च्या रकान्यात रंगाच्या जागी चार गोष्टी लिहा : वृषणाचा परिघ, दोन्ही बाजू हाताने तपासल्याची सही, आईची वेते, आणि तो कुठल्या कळपातून आला. जातिवंत कोकरू विकावे लागू नये म्हणून ते वर्षभर सांभाळण्यापुरते छोटे कर्ज वेगळे द्या. ते बुडण्याची शक्यता बड्या थकबाकीदारांपेक्षा नक्कीच कमी आहे. आणि तपासणी ठेवा मार्चअखेर संपल्यावर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात. बँकेचा माणूसही तेव्हा मोकळा असतो. त्या वेळी मेंढा नापास झाला तर पाऊस येईपर्यंत दुसरा शोधायला दोन महिने हातात राहतात. पास झालेला असेल, तर त्याला तेवढे दोन महिने दुपारी बाभळीच्या सावलीत बांधायचे आणि पाणी कमी पडू द्यायचे नाही.